न चावणारा कुत्रा

मार्था साळवे बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे बघत नसत, गालाकडे बघत. कानाच्या जरा पुढे, जबड्याची बिजागरी असते तिथे, त्यांची नजर जाऊन बसायची. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, आपल्या तोंडाला काहीतरी लागलंय. मी तर पहिल्या भेटीत पदराने गाल पुसला होता. त्यावर त्या म्हणाल्या, "काही लागलेलं नाही. तू डाव्या बाजूने चावत नाहीस, ते बघत होते. दाढ दाखवून घे."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. लग्न होऊन मी नाशिकहून दिल्लीला आले होते. यांची नोकरी एका मंत्रालयात, आणि क्वार्टर लक्ष्मीबाई नगरमध्ये, वरच्या मजल्यावर. खाली मार्थाताई राहत. त्या मूळच्या नगरच्या, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या. शिक्षणाने गुरांच्या डॉक्टर. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धनाच्या खात्यात त्यांचं काम होतं आणि महिन्यातले बरेच दिवस त्या हरियाणा नाहीतर उत्तर प्रदेशातल्या गावांत दौऱ्यावर असत. लग्न केलेलं नव्हतं. पांढरी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, पायात चामड्याच्या जाड चपला. कॉलनीतली मराठी मंडळी तोंडावर मार्थाताई म्हणत आणि मागे ढोरडॉक्टर. दोन्ही त्यांना माहीत होतं.

त्यांच्यासमोर जेवायला लोक बिचकायचे. गणपतीत आमच्या कॉलनीत सगळ्या मराठी घरांचं एकत्र जेवण व्हायचं, आणि मार्थाताई न चुकता यायच्या. वाढपाचं काम त्या हट्टाने मागून घेत. पंक्तीतून फिरताना पानाकडे बघायच्या तसंच चेहऱ्यांकडेही. मग जेवणं झाल्यावर कुणाला तरी बाजूला घेऊन हळूच सांगायच्या, "तुम्ही झोपेत दात खाता. गालाचा स्नायू बघा कसा सुपारी ठेवल्यासारखा फुगलाय. कसली एवढी काळजी आहे?" अशा प्रश्नाला उत्तर देणं कुणाला आवडणार? एका बाईंनी तर पुढच्या वर्षी त्यांच्या ओळीत बसायचंच टाळलं.

मुलांना मात्र त्या फार आवडत. संध्याकाळी मागच्या गल्लीत मुलं जमली की त्या त्यांना कानशिलावर बोटं ठेवायला लावत. "आता दात आवळा. हललं ना काहीतरी? तो एक स्नायू. आता बोटं गालावर. पुन्हा आवळा. हा दुसरा." मग सांगायच्या की कुत्र्याचा कानशिलावरचा स्नायू एवढा मोठा असतो की तो पार डोक्याच्या टाळूपर्यंत चढतो, त्याला लचका तोडायचा असतो. गाईचा गालातला मोठा, कारण तिला दिवसभर दळायचं असतं. कुत्र्याचा जबडा कात्रीसारखा, फक्त वर आणि खाली. गाईचा आडवा फिरतो, जात्यासारखा. माणसाला दोन्ही थोडं थोडं जमतं, आणि म्हणून माणूस काहीही खातो.

एकदा रस्त्यात बसलेल्या गाईचा वरचा ओठ उचलून त्यांनी मुलांना दाखवलं की तिला वर पुढचे दात नसतातच, नुसती कडक हिरडी असते. "आता बघा, ती रवंथ करतेय."

"रवंथ म्हणजे काय?" बापटांच्या मुलीने विचारलं. दिल्लीत वाढलेली मुलं, शब्द त्यांच्या कानावरून कधी गेलाच नव्हता.

"जुगाली," मार्थाताई म्हणाल्या. "आणि लक्षात ठेव, गाय जुगाली करते तोवर ती बरी आहे. ती थांबली की डॉक्टरला बोलवायचं. जनावराला काय झालंय ते आधी जबड्यात दिसतं."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. दुपारी कधी मी त्यांच्याकडे चहाला बसले की त्या यावरच यायच्या. कॉलेजात असताना त्यांनी धनुर्वात झालेला एक घोडा पाहिला होता. खुरात खिळा गेला होता आणि जबडा असा आवळून बसला होता की पहारीनेही उघडला नसता. "पुढ्यात हिरवं गवत टाकलेलं," त्या सांगायच्या. "त्याला भूक होती. तो गवताला नाक लावायचा, ओठांनी चाचपायचा, आणि मग माझ्याकडे बघायचा. असं किती तरी वेळ चाललं होतं. मला आजही कुणी समोर बसून पटापट जेवलं की बरं वाटतं."

मी विचारलं, "आणि याच्या उलट होतं का कधी? तोंड मिटतच नाही, असं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "होतं. ते जास्त वाईट. जबडा उघडायला ताकद लागत नाही, सुमन. बसमध्ये झोपलेल्या माणसाचं तोंड बघ, आपोआप उघडतं. ताकद लागते ती मिटायला. मिटणारे स्नायूच गेले, तर जबडा नुसता लोंबतो."

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. मार्थाताई कर्नालच्या बाजूला दौऱ्यावर गेल्या होत्या. आमच्या गल्लीत शेरू नावाचा तपकिरी कुत्रा होता. कुणाचाच नव्हता आणि सगळ्यांचा होता. मुलं त्याच्या पाठीवर बसत, बायका शिळी पोळी घालत. मागच्या गल्लीत कडुनिंबाखाली इस्त्रीवाला रामसरन आपलं टेबल मांडून बसे, त्याच्या टेबलाखाली शेरूची झोपायची जागा होती. एका सकाळी शेरूने पोळी तोंडात घेतली आणि ती खाली पडली. पुन्हा घेतली, पुन्हा पडली. त्याचा खालचा जबडा लोंबत होता आणि लाळेची तार जमिनीपर्यंत येत होती. तो कुणावर भुंकला नाही, कुणामागे लागला नाही. उलट नेहमीपेक्षा गरीब झाला होता, भिंतीला टेकून बसून राहायचा.

शेजारच्या ब्लॉकमधले बापट हे तसे हळव्या मनाचे गृहस्थ. सेक्शन ऑफिसर होते, पण रस्त्यात पडलेलं पाखरू उचलून घरी आणणारे. त्यांनी पाहिलं आणि ठरवलं की याच्या घशात हाड अडकलंय. बाह्या सरसावून त्यांनी शेरूच्या तोंडात हात घातला, पार घशापर्यंत. हाड सापडलं नाही. दोन दिवसांनी शेरू गल्लीच्या टोकाला मेलेला आढळला आणि महापालिकेची गाडी त्याला घेऊन गेली. मुलं रडली. बापट म्हणाले, आणखी आत हात घालायला हवा होता.

मार्थाताई परतल्या त्या दिवशी रविवार होता. चर्चमधून येऊन त्या आमच्याकडे चहाला आल्या होत्या आणि योगायोगाने बापट पतिपत्नीही बसलेले. बापटांनी शेरूची हकिगत सांगायला घेतली. सांगण्यात थोडं दुःख होतं आणि थोडा आपल्या धाडसाचा अभिमानही. मार्थाताई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी थांबवलं.

"तुम्ही हात आत घातलात, तेव्हा त्याने तोंड मिटायचा प्रयत्न केला?"

"नाही हो. बिचारा अगदी शांत. चावायचं त्याच्या मनातही नव्हतं."

"दाबून बघितलंत? जबडा वर ढकलला तर काय झालं?"

"परत खाली आला." बापट हसले. "अगदी सैल."

मार्थाताईंनी कप ठेवला आणि बापटांचा उजवा हात ओढून घेतला. नखांच्या कडा सोललेल्या होत्या. बापटांना नखांची कातडी कुरतडायची सवय होती. मार्थाताईंनी एकेक बोट उजेडात धरून पाहिलं.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर चला," त्या म्हणाल्या. "इंजेक्शनं घ्यायची."

"कसली?"

"तो पिसाळला होता."

"छे, साळवेबाई. पिसाळलेला कुत्रा असा असतो का? तो धावून येतो, दिसेल त्याला चावतो. हा चावलाच नाही."

"चावता येत नव्हतं म्हणून चावला नाही. पिसाळण्याचा हाही एक प्रकार असतो. आधी जबड्याचे स्नायू जातात, मग घसा. विष लाळेत असतं, दातात नाही."

तेव्हा ती इंजेक्शनं पोटात घेत असत, रोज एक, आणि त्यांचं नाव काढलं की मोठी माणसंही पांढरी पडत. बापटांनी आधी थट्टेवारी नेलं, मग चिडले. कुत्र्याचं प्रेत नाही, तपासणी नाही, नुसत्या अंदाजावर पोटात सुया कोण टोचून घेणार, असं म्हणून ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला जाणाऱ्या लोकांची गर्दी बघत गच्चीत उभी होते, तर मार्थाताई बापटांच्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. त्यांनी रजा टाकली होती. येणारे जाणारे बघत होते. बापट दार उघडून बाहेर आले, त्यांना ओलांडून जाऊ लागले, तेव्हा त्या इतकंच म्हणाल्या, "हा आजार दिसायला लागला की त्यावर औषध नाही. मी पाहिलंय. चला."

बापटांच्या पत्नीने मागून सांगितलं, "जा ना हो त्यांच्याबरोबर. काय बिघडणार आहे?"

ते गेले. पुढे रोज मार्थाताई त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन जात आणि परत आणून सोडत. बाकीचा दिवस त्या दारोदार फिरल्या. शेरूला कुणी हात लावला, कुणाला त्याने चाटलं, कुणाच्या अंगावर ओरखडा होता. मुलांना त्या एकेकटं गाठून विचारायच्या, आईसमोर नाही, कारण आईसमोर मुलं खोटं बोलतात. तीन-चार मुलं तशी निघाली, त्यांचीही इंजेक्शनं झाली. आयांनी मार्थाताईंना शिव्या घातल्या. मुलांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. गल्लीत त्या दिसल्या की मुलं पोटावर हात धरून पळायची.

बापटांचं पोट सुजलं, ते वैतागले, पण इंजेक्शनं पूर्ण केली. त्यानंतरही मार्थाताई रोज सकाळी त्यांच्याकडे चहाला जात. बापट त्रासून म्हणायचे, "ही बाई माझा प्रत्येक घोट मोजते." ते खरंच होतं. मी एकदा बरोबर होते. बापट पाणी पीत होते आणि मार्थाताई त्यांच्या गळ्याकडे बघत होत्या, घोट खाली उतरेपर्यंत स्वतः श्वास धरून.

दिवाळी झाली, थंडी पडली. बापट ठणठणीत होते. आयांचा राग निवळला. मार्थाताईंच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरल्यासारखा वाटला, आणि एका सकाळी त्या मला म्हणाल्याही, "वाचलो बहुतेक." इंजेक्शनांच्या दिवसांत दवाखान्याकडे जाता-येता त्या आणि बापट रोज कडुनिंबाखालून जात. रामसरन हातातली कोळशाची इस्त्री उभी करून नमस्कार करायचा, "नमस्ते, डॉक्टरनी जी." बापटांना विचारायचा, "साहब, बहुत दर्द होता है क्या?" बापट पोट दाखवून त्याला घाबरवायचे आणि दोघं हसायचे. मार्थाताईंच्या साड्यांना तोच इस्त्री करायचा. त्याच्या बोटांवर कोळशाच्या ठिणग्यांचे आणि तापलेल्या लोखंडाचे चटके कायम असायचे, जुने सुकले की नवे.

डिसेंबरात दोन दिवस रामसरनचं टेबल रिकामं राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको फूलवती मार्थाताईंच्या दारात उभी होती. मी तेव्हा तिथेच होते, स्वेटरची वीण विचारायला गेले होते.

"डॉक्टरनी जी, उनको देख लीजिए। चाय गले से नहीं उतरती। कहते हैं जबड़ा जकड़ गया है। हाथ में चींटियाँ चलती हैं।"

मार्थाताई उभ्या राहिल्या. "पानी?"

"पानी देखकर मुँह फेर लेते हैं। दरवाज़ा खुलता है, हवा लगती है, तो ऐसे काँपते हैं जैसे किसी ने गला पकड़ा हो।"

मार्थाताईंचा आवाज अगदी हळू झाला. "उसने शेरू को हाथ लगाया था?"

"उन्हीं ने तो पकड़ा था," फूलवती म्हणाली. "बापट साहब ने मुँह में हाथ डाला, तो इन्होंने सिर बगल में दबाकर रखा। दोनों हाथ लार से भर गए थे।"

मार्थाताईंनी दाराची चौकट धरली. त्यांनी शाल घेतली, फूलवतीला पुढे होऊ दिलं आणि मागून गेल्या. त्या दोघी रामसरनच्या झोपडीकडे जाताना मला खिडकीतून दिसत होत्या. मार्थाताई घाई करत नव्हत्या. त्यावरूनच मला काय ते समजलं.

रामसरनला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात हलवलं. मार्थाताई बरोबर गेल्या आणि तिथेच राहिल्या. मी यांच्याबरोबर डबा घेऊन गेले तेव्हा पाहिलं, त्याच्या खोलीतली एक खिडकी नीट लागत नव्हती, फटीतून वारा येत होता, आणि मार्थाताई त्या फटीला पाठ लावून उभ्या होत्या. मी खुर्ची पुढे केली. त्यांनी मान हलवली. "मी हलले की वारा त्याच्या तोंडावर जातो." रामसरन शुद्धीत होता. त्यांच्याकडे बघून तो कसंबसं म्हणाला, "आप बैठ जाइए," आणि तेवढं बोलताना त्याचा गळा आवळला. त्यानंतर मला तिथे थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

मार्थाताईंनी आधी फूलवतीची इंजेक्शनं सुरू केली, मग स्वतःच्या घराचं दार लावून घेतलं. दोन दिवसांनी बापट आले. मी त्यांच्यासाठी दार वाजवलं, तेव्हा ते उघडलं. बापट आत आले, पण बसले नाहीत.

"साळवेबाई, तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. मला खरंच सुचलं नाही. तो होता, म्हणजे नुसता धरायला. मी त्याला हाक मारली आणि तो आला. एवढंच."

"हो," मार्थाताई म्हणाल्या. "मी विचारलं नाही."

"तुमचा काही दोष नाही त्यात."

"मी दारोदार फिरले, बापट. घराघरांत विचारलं. मुलांना विचारलं. तुम्हाला विचारायचं मला का सुचलं नाही, माहीत आहे? तुम्ही म्हणालात, जबडा लोंबत होता. मी मनात म्हटलं, लोंबता जबडा उघडायला दुसरं माणूस कशाला लागतं? मला जबडा माहीत होता. डोकं धरावं लागलं असेल, हे मी धरलंच नाही. आणि रोज त्याच्यासमोरून गेले."

बापट रडू लागले. मार्थाताईंनी त्यांना पाणी दिलं. ते प्याले. या वेळी मार्थाताईंनी बघितलं नाही.

त्या हिवाळ्यानंतर गणपतीच्या जेवणात त्या वाढायला येईनाशा झाल्या. बोलावणं गेलं तर दौरा आहे म्हणत. मुलांना कुणी सांगितलं नव्हतं, पण मुलांना सगळं कळतं; एकदा बापटांच्या मुलीने गल्लीत त्यांचा हात धरला आणि धरूनच दारापर्यंत आली. फूलवती टेबल स्वतः चालवू लागली. मार्थाताई आपल्या साड्या तिच्याकडे देत, पण स्वतः नेऊन देत नसत, कुणाकरवी तरी पाठवत. दोनेक वर्षांत त्यांनी बदली मागून घेतली. सामान ट्रकमध्ये चढलं, तेव्हा आम्ही सगळे खाली उभे होतो. त्यांनी सर्वांना नमस्कार केला, पुढे ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या, आणि ट्रक सुरू होत असताना उतरून कडुनिंबाखाली गेल्या. फूलवतीशी काय बोलल्या ते कुणाला ऐकू आलं नाही. फूलवती इस्त्री करत राहिली आणि शेवटी एकदा तिने मान हलवली.

मग बरीच वर्षं गाठ नाही. आम्ही पुढे गाझियाबादला घर घेतलं. एका उन्हाळ्यात दादरीच्या पलीकडे एका गावात आमच्या कामवालीच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून आम्ही सकाळीच निघालो होतो. गावाच्या वेशीवर शाळेच्या आवारात गुरांचं शिबिर चाललं होतं. गाडीला रस्ता मिळेना म्हणून मी उतरले. मांडवाखाली एका खुर्चीवर पांढऱ्या साडीतली एक बारीक, वाकलेली बाई बसली होती. केस अगदी पांढरे झाले होते. निवृत्त होऊन त्यांना काही काळ झाला असणार, पण त्या अशा शिबिरांना जात असाव्यात.

त्यांच्यासमोर एक म्हातारा उकिडवा बसला होता. त्याची म्हैस मेली होती. तो सांगत होता, जुगाली बंद झाली होती, तोंडातून सारखं पाणी गळत होतं, म्हणून त्याने हात घालून चाचपून पाहिलं. मार्थाताईंनी त्याचा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि शेजारच्या तरुण डॉक्टरला इंजेक्शनाचं सांगितलं. आता ती दंडात देतात. म्हातारा उठायला लागला.

"बैठो बाबा," मार्थाताई म्हणाल्या. "साथ में और कौन था?"

"कोई नहीं। मैं अकेला था।"

"भैंस ने सिर नहीं झटका?"

"नहीं जी।"

"रस्सी किसने पकड़ी?"

"किसी ने नहीं।"

मागे रांग वाढली होती. तरुण डॉक्टरने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "मैडम, वो बोल रहा है ना।" मार्थाताई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी म्हाताऱ्याचा हात सोडला नाही. ऊन चढत होतं. रांगेतल्या एकाने काहीतरी टोमणा मारला, बाकीचे हसले. मार्थाताईंनी पुन्हा विचारलं, तोच पहिला प्रश्न, त्याच आवाजात.

म्हातारा गावाच्या बाजूला बघू लागला. मग नाराजीने म्हणाला, "बहू थी। पर उसने तो बस सींग पकड़े थे।"

मला त्यांना हाक मारायची होती. पण त्या उठल्या होत्या. एका हाताने खुर्चीचा आधार घेत त्यांनी चपला शोधल्या, पायात सरकवल्या आणि म्हाताऱ्याला विचारलं, "घर किधर है?"

त्याने हात केला, आणि त्या उन्हातून त्या दिशेने चालू लागल्या.